शस्त्र-निर्यातीचा परवाना: एका प्रचलित दाव्याचा प्रतिवाद

'भारताची शस्त्र-निर्यात दिल्लीतल्या परवाना देणाऱ्यांनी अडवून धरली आहे. त्यांचे काम म्हणजे शिक्के मारणे. ही नियंत्रणे पाश्चात्त्यांनी आपल्यावर लादली आहेत, ती फक्त तोफा आणि क्षेपणास्त्रांना लागू होतात, आणि माल एकदा बंदराबाहेर गेला की तो कोण वापरतो याच्याशी आपला संबंध उरत नाही.' अशा आशयाचा मजकूर लघुउद्योजकांमध्ये बराच काळ फिरत आहे. त्यामागचा वैताग खोटा नाही. मात्र त्यातली एकेक विधाने तपासली तर फारसे काही हाती उरत नाही.

नियंत्रण फक्त तोफा-क्षेपणास्त्रांवर आहे, हा समज सर्वांत धोकादायक आहे, कारण त्यापायी नुकसान सोसावे लागते ते साध्या कारखानदाराला. आपली नियंत्रणसूची 'स्कोमेट' या नावाने ओळखली जाते आणि तिच्यात शून्यापासून आठपर्यंत प्रवर्ग आहेत. शस्त्रसामग्रीची यादी हा त्यांतला केवळ सहावा प्रवर्ग असून ती 2017 मध्ये अधिसूचित झाली. बाकीच्या बहुतेक प्रवर्गांत दुहेरी वापराच्या, म्हणजे नागरी कामाला आणि शस्त्रांसाठीही चालणाऱ्या, वस्तू आहेत: विशिष्ट रसायने, जीवाणू-विषाणू, ड्रोन, अतिसूक्ष्म अचूकतेची यंत्रे, कूटलेखनाची सॉफ्टवेअर. औषधनिर्मितीसाठी वापरली जाणारी, आतून काचेचा थर दिलेली रिअॅक्टर पात्रे किंवा निकेलचे प्रमाण जास्त असलेल्या मिश्रधातूंचे व्हॉल्व्ह ठरावीक आकारमानापुढे या सूचीत येतात, कारण जे पात्र औषधाचे संक्षारक द्रावण सहन करते तेच रासायनिक अस्त्राचे घटकही सहन करते. तारापूर, महाड किंवा लोटे येथील प्रकल्पांना अशी सामग्री पुरवणाऱ्याने उद्या तीच परदेशी धाडायचे ठरवले, तर आपण शस्त्रे बनवत नाही हे त्याचे म्हणणे खरे असले तरी पुरेसे ठरत नाही. शिवाय निर्यात म्हणजे केवळ कंटेनर नव्हे. नियंत्रित तंत्रज्ञानाचे आरेखन ई-मेलने परदेशी पाठवणे हेही कायद्याच्या कक्षेत येते. 2005 चा सामूहिक संहाराच्या शस्त्रांविषयीचा कायदा तर आणखी पुढे जातो: वस्तू सूचीत नसली, पण ती अशा शस्त्रासाठी वापरली जाणार आहे हे निर्यातदाराला ठाऊक असेल, तरी ती पाठवण्यावर बंधन येते.

आता 'शिक्के मारण्या'विषयी. अणुसामग्रीचे अर्ज अणुऊर्जा विभागाकडे, शस्त्रसामग्रीचे संरक्षण उत्पादन विभागाकडे आणि उरलेल्यांपैकी बहुतेक विदेश व्यापार महासंचालनालयाकडे जातात. त्या महासंचालनालयात आंतरमंत्रालयीन गट बसतो. या कामातल्या धोरणतज्ज्ञापुढे येणारा प्रश्न 'कागद पूर्ण आहेत का' एवढाच नसतो. समजा, मागणी नोंदवणारी व्यापारी कंपनी नुकतीच स्थापन झालेली आहे. संक्षारणरोधक (न गंजणारे) व्हॉल्व्ह मागवत असूनही तिच्या नावावर कुठलाच प्रकल्प नाही. माल स्वीकारणाऱ्याचा पत्ता मालवाहतूक एजंटाचा आहे. आणि यंत्र बसवून देण्याची सेवा तिला नको आहे. यांतली प्रत्येक गोष्ट सुटी पाहिली तर निरुपद्रवी वाटते. चारही एकत्र दिसल्या की त्या कंपनीमागे खरा ग्राहक कोण, याचा शोध घ्यावा लागतो, परराष्ट्र मंत्रालयाचे मत घ्यावे लागते, मध्यस्थांची साखळी तपासावी लागते. वस्तूनुसार खरेदीदार कंपनीने किंवा खरेदीदार देशाच्या सरकारने द्यायचे अंतिम वापराचे प्रमाणपत्र याचसाठी असते. माल भारताच्या संमतीविना तिसऱ्याला देणार नाही, अशी खरेदीदाराची हमी त्यात अपेक्षित असते. बंदराबाहेर संबंध संपतो हे विधान इथेच निकालात निघते. आपणही याच नियमाच्या दुसऱ्या टोकाला आहोत: ब्रह्मोस क्षेपणास्त्र रशियाच्या भागीदारीत बनते, त्यामुळे ते फिलिपिन्सला विकताना आपल्या एकट्याचा होकार पुरेसा नव्हता.

पाश्चात्त्यांनी लादल्याच्या आरोपामागे मात्र खरी जखम आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने हवा तो महासंगणक नाकारल्यावर पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था उभी राहिली आणि 1991 मध्ये 'परम' हा महासंगणक तयार झाला; पुढे रशियाकडून मिळायचे क्रायोजेनिक रॉकेट इंजिनाचे तंत्रज्ञानही अमेरिकी दडपणाने रोखले गेले. ज्यांनी हे भोगले त्यांना निर्यात-नियंत्रण हा शब्द कडू लागणे स्वाभाविक आहे. तथापि आजची व्यवस्था भारताने डोळसपणे निवडलेली आहे. क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेत 2016 मध्ये, पारंपरिक शस्त्रे व दुहेरी वापराच्या वस्तूंविषयीच्या वासेनार व्यवस्थेत 2017 मध्ये आणि रासायनिक व जैविक अस्त्रांविषयीच्या ऑस्ट्रेलिया गटात 2018 मध्ये आपण स्वतःहून सामील झालो, ते तंत्रज्ञान मिळवण्याचा मार्ग सुकर व्हावा म्हणून. याउलट 2013 मध्ये संयुक्त राष्ट्रांत शस्त्रव्यापार करार मतदानाला आला तेव्हा भारत तटस्थ राहिला, कारण निर्यातदार देशांच्या हाती आयातदारांविरुद्ध एकतर्फी हत्यार जाते आणि दहशतवादाविषयीच्या तरतुदी दुबळ्या आहेत, असे आपले म्हणणे होते. लादलेले निमूट स्वीकारणारा देश असा निवडून होकार-नकार देत नाही.

निर्यात अडवल्याचा दावा आकड्यांपुढे टिकत नाही. संरक्षण-निर्यात 2016-17 मध्ये 1,521 कोटी रुपये होती. शस्त्रसामग्रीची यादी आल्यानंतर 2018-19 मध्ये ती 10,745 कोटींवर आणि 2024-25 मध्ये 23,622 कोटींवर गेली. त्या शेवटच्या वर्षात 1,762 परवानग्या दिल्या गेल्या. यादीमुळे निर्यात वाढली असे मी म्हणत नाही, वाढीची कारणे अनेक आहेत. पण नियंत्रणाने ती बुडाली असेही कोणी म्हणू नये. सुटे भाग काही ठरावीक देशांना वारंवार पाठवणाऱ्यांसाठी 2019 पासून दर वेळी वेगळी परवानगी न लागणारा खुला सर्वसाधारण परवाना आहे, आणि लहान पल्ल्याच्या नागरी ड्रोनसाठी 2023 मध्ये तशीच सवलत आली. अर्ज रेंगाळतात ही तक्रार मला मान्य आहे. तिचे उत्तर अधिक तज्ज्ञ नेमणे हे आहे, कार्यालयाला कुलूप लावणे नव्हे.

त्या मजकुरात खरी टीका आलेलीच नाही. कोणत्या देशाला काय विकले याचा तपशील सरकार संसदेतही सामरिक कारण पुढे करून बहुधा टाळते, आणि सप्टेंबर 2024 मध्ये इस्रायलला होणारी निर्यात थांबवण्याची याचिका सर्वोच्च न्यायालयाने परराष्ट्र धोरणात हस्तक्षेप नको म्हणून फेटाळली. म्हणजे परवाना कोणत्या विचाराने दिला, हे पाहण्याची सोय नागरिकाला संसदेतून नाही आणि न्यायालयातूनही नाही. किमान कोणत्या देशासाठी किती अर्ज आले आणि किती नाकारले, एवढे वर्षातून एकदा जाहीर करण्याची मागणी या उद्योजकांनी केली, तर तिला माझा पाठिंबा असेल.