अजून काढला नाहीस?

चतुर्थीला गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीपुढे २५ माणसं फोटोला बसवायची आणि डिजिटल कॅमेऱ्यावर चढवलेल्या, हाताने फोकस करायच्या जुन्या ५० मिमी लेन्सची रिंग फिरवत राहायचं, यातलं सुख त्या २५ जणांना कधी कळत नाही. "काढलास?" काकी हसू न मोडता विचारते. अजून कुठे! आत्ता तर आजीचा कान मिळालाय, डोळा यायचाय.

जोडणी तशी सोपी. एम४२ आट्यांच्या (जुन्या, फिरवून बसवायच्या) लेन्सला सेन्सर बैठकीपासून ४५.४६ मिमीवर लागतो, सोनीच्या ई-माउंटमध्ये, म्हणजे लेन्स बसायच्या तोंडात, तो १८ मिमीवरच असतो. मधले २७.४६ मिमी भरून काढणारं अ‍ॅडाप्टर म्हणजे नुसतं पोकळ कडं. आत काच नाही, म्हणून स्वस्त. कॅमेऱ्याला लेन्स लागल्याचा पत्ताच नसतो, तेव्हा मेन्यूत 'लेन्सशिवाय शटर' चालू करायचं आणि हाताची थरथर सावरणाऱ्या स्टॅबिलायझेशनला ५० हा आकडा आपण सांगायचा. हे कडं बहुधा केसभर आखूड बनवतात. त्यामुळे मांडवीपलीकडचा रेइश मागूशचा किल्ला रिंगवरच्या अनंताच्या (∞) खुणेआधीच स्पष्ट होतो. रिंग शेवटपर्यंत रेटली की किल्ला पुन्हा धूसर.

पुढचा खेळ सेंटिमीटरांचा. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ/१.८ इतकं उघडं असताना, मीटरभर अंतरावर, जेमतेम ४ सेंटिमीटर पट्टा स्पष्ट मिळतो. नथ साधली तर कुड्या गेल्या. स्पष्ट कडा रंगवून दाखवणाऱ्या फोकस पीकिंगच्या लाल रेघांवर माझा काडीचा विश्वास नाही. त्या आधी जरीच्या काठाला भुलतात. चित्र मोठं करून पापणी बघावी, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून जुळवावं आणि मग खटके मोजत, भोक लहान करत एफ/८ ला यावं. तेवढ्यात आजी मागे टेकते.

शिगम्यात, गोव्याच्या होळीत, मात्र चैन. फुलफ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) २८ मिमी लेन्स, एफ/८, रिंग ३.३ मीटरवर, वर चिकटपट्टी. साधारण १.७ मीटरपासून पार क्षितिजापर्यंत चालून जातं. ऑटोफोकस निशाणावर (झेंड्यावर) जाऊ की ताशावर या विवंचनेत असतो, आणि इकडे रोमटामेळ, म्हणजे नाचत येणारा ताफा, आपल्या पायांनी फोकसमध्ये येतो! फक्त मिरवणूक उजेड असताना सुटायला हवी.

उरली लेन्समधली बुरशी. गोव्याच्या पावसात कातडी केस म्हणजे तिचं माहेर. हवाबंद डबा, सिलिका जेल, आर्द्रता ४० ते ५० टक्के. तांदळाच्या डब्यात नको, पिठी रिंगमध्ये शिरते. चतुर्थीच्या आदल्या रात्री लेन्समागे टॉर्च धरून कोळिष्टकासारखे तंतू दिसतात का ते पाहावं. दिसले तर फोटोत सगळे चेहरे धुरकट येतात. काकीला तो धुपाचा धूर वाटतो. वाटू द्यावा.