पारडीच्या रक्तावरून गर्भाशयाचा आजार सांगता येतो का?

नाशिक, सिन्नर, निफाड आणि दिंडोरी भागांतील म्हैसपालकांच्या मोबाइलवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: म्हैस व्याल्यानंतर तिचा जार (वार) अडकणार की नाही आणि गर्भाशयात पू होणार की नाही, हे तिच्या जनुकांनी आधीच ठरवलेले असते, शास्त्रज्ञांनी ती जनुके शोधून काढली आहेत, पारडी लहान असतानाच रक्ताच्या एका थेंबावरून हा दोष ओळखता येतो, दोष निघालेल्या म्हशीवर औषधाचा खर्च वाया जातो, म्हणून ती वेळीच विकून टाकावी, आणि सरकारने आणलेली ‘महिष चिप’ नेमके हेच काम करते. यातील एक गोष्ट खरी आहे. अशा जनुकांवर आणि प्रतिकारशक्तीच्या घटकांवर संशोधन चालू आहे, आणि ते मोलाचे आहे. बाकीची विधाने त्या संशोधनातून निघत नाहीत. त्यांवर विसंबून दावणीची जनावरे काढायला निघालेल्या माणसाचे मोठे नुकसान होईल, म्हणून एकेक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

पहिला घोटाळा रक्तात नेमके काय मोजले यासंबंधी आहे. रक्ताच्या एकाच नमुन्यातून तीन निरनिराळ्या गोष्टी पाहता येतात. डीएनएच्या साखळीत एखाद्या जागी एका म्हशीत एक अक्षर असते आणि दुसरीत दुसरे. हा फरक जन्मापासून मरेपर्यंत तसाच राहतो. ते जनुक त्या घटकेला किती जोमाने काम करीत आहे हे पेशींतील आरएनएवरून, म्हणजे जनुकाच्या कामचलाऊ प्रतींवरून, समजते, आणि ते प्रमाण आजार, आहार, उन्हाचा ताण, विण्याची वेळ यांप्रमाणे सतत बदलते. तिसरी गोष्ट म्हणजे रक्तातील प्रथिने: टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६ व इंटरल्यूकिन-१० यांसारखे निरोप पोचवणारे घटक, तसेच हॅप्टोग्लोबिन आणि सीरम अॅमिलॉइड-ए यांसारखी दाहाच्या काळात यकृतातून स्रवणारी प्रथिने. इजिप्तमधील दुधाळ म्हशींवर झालेल्या अशा स्वरूपाच्या अभ्यासांत निरोगी आणि आजारी म्हशींची तुलना करून या गोष्टी तपासल्या गेल्या. टीएलआर-४ हे त्यांतले ठळक नाव. ई. कोलायसारख्या जिवाणूंच्या आवरणातील विषारी घटक ओळखून दाहाची प्रक्रिया सुरू करणारे हे प्रथिन आहे, त्यामुळे त्याच्या जनुकाकडे लक्ष जाणे स्वाभाविकच होते.

मात्र अशा तुलनेत आजारी म्हशीचा नमुना ती आजारी पडल्यानंतर घेतलेला असतो. तिच्या रक्तात हॅप्टोग्लोबिन वाढलेले आढळले, तर शरीरात कोठेतरी दाह चालू आहे एवढेच त्यावरून कळते. कासेचा दाह झाला, खुराला जखम झाली किंवा विताना फार ओढाताण झाली, तरी हे प्रथिन वाढतेच. सहा महिन्यांच्या पारडीत ते मोजले, तर ती पुढे काही वर्षांनी विताना काय होईल याचा त्यातून काहीही पत्ता लागत नाही. फिरत्या मजकुराने आजारपणातील मोजमाप घेतले, त्याला जन्मजात अक्षरबदलाची स्थिरता चिकटवली आणि दोन्हींच्या मिश्रणाला भविष्यकथन केले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे, कारण ती दावा करणाऱ्यांच्या बाजूची आहे. अमेरिकेत गायींवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की ज्या गायींचा जार पुढे अडकला, त्यांच्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचे काम विण्याच्या आधीपासूनच मंदावलेले होते. वेताच्या वेळी गायीच्या शरीराने जाराला परके मानून तो सुटा करावा लागतो, आणि या कामात या पेशींचा वाटा असतो. म्हणजे आजाराची चाहूल विण्याआधी लागू शकते हे खरे. परंतु ही चाहूल विण्याच्या तोंडावरची आहे, पारडीच्या वयातली नाही. आणि ती पेशींच्या त्या दिवसांतील कामगिरीची आहे, जी खाण्यापिण्याने आणि निगराणीने सुधारू किंवा बिघडू शकते.

दुसरे विधान, जनुके सापडली म्हणून भाकीत करता येते, हे अधिक गंभीर आहे. आजारी म्हशींत एखादे अक्षर जास्त वेळा आढळणे आणि त्या अक्षरावरून एका ठरावीक म्हशीचे भवितव्य सांगता येणे यांत मोठे अंतर आहे. एखाद्या अभ्यासात चाळीस जागा तपासल्या आणि पाच टक्क्यांची नेहमीची कसोटी लावली, तर कोणताही खरा संबंध नसताना दोनेक जागा केवळ योगायोगाने ‘महत्त्वाच्या’ ठरतात. एकाच रेड्याच्या मुली एकाच गोठ्यात असल्या, तर त्यांची अक्षरेही सारखी असतात आणि त्यांच्या पायांखालची ओल, गव्हाणीतला चारा व विताना मदत करणारे हातही तेच असतात. दोष अक्षराचा की गोठ्याचा हे अशा वेळी निवडता येत नाही. म्हणून तोच निष्कर्ष दुसऱ्या ठिकाणच्या, दुसऱ्या जातीच्या आणि पुरेशा संख्येच्या म्हशींत पुन्हा मिळावा लागतो. इजिप्तच्या म्हशीत आढळलेला संबंध पंढरपुरी, मुऱ्हा किंवा जाफराबादी म्हशीत तसाच असेल असे गृहीत धरता येत नाही. गायीवरील निष्कर्ष तर त्याहून लांबचा, कारण गायीत गुणसूत्रांच्या ३० जोड्या असतात आणि आपल्या नदी म्हशीत २५.

समजा, या सर्व कसोट्यांतून उतरलेली एक उत्तम चाचणी उद्या हाती आली. हिशेबासाठी १०० म्हशी घेऊ आणि त्यांपैकी १५ म्हशींना व्याल्यानंतर गर्भाशयाचा आजार होणार आहे असे मानू. चाचणी दोन्ही बाजूंनी ८० टक्के अचूक आहे असेही मानू. जनुकांवर आधारित चाचणीच्या बाबतीत हा फार उदार अंदाज आहे. आजारी पडणाऱ्या १५ पैकी १२ म्हशी ती बरोबर ओळखेल आणि ३ सुटतील. निरोगी राहणाऱ्या ८५ पैकी २० टक्के, म्हणजे १७ म्हशींवर ती चुकीचा शिक्का मारेल. एकूण २९ म्हशी ‘सदोष’ ठरतील आणि त्यांतल्या १७ कधीच आजारी पडणार नव्हत्या. ज्या गोठेवाल्याने त्या २९ विकल्या, त्याने विकलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक म्हशी चांगल्या असूनही घालवल्या, आणि ‘निर्दोष’ म्हणून ठेवलेल्यांतल्या तिघींचा आजार तरीही त्याच्या दारात येणारच. मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात हा हिशेब कोठेच नाही.

तिसरे विधान मला सर्वांत घातक वाटते: दोष आनुवंशिक आहे, म्हणून उपचार आणि निगा व्यर्थ. दुधाळ गायींवर झालेल्या बहुतेक अभ्यासांत जार अडकणे आणि गर्भाशयाचा दाह यांची आनुवंशिकता, शून्य ते एक या मापावर, ०.१ च्या आसपास किंवा त्याहूनही कमी आढळते. जनावरा-जनावरांतील फरकाचा फार मोठा भाग जनुकांबाहेरच्या कारणांनी ठरतो, असा याचा अर्थ. व्याल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत बहुतेक सर्व जनावरांच्या गर्भाशयात जिवाणू शिरतातच. कोणते जनावर ते धुऊन काढते आणि कोणत्याच्या गर्भाशयात ते ठाण मांडून बसतात, एवढाच प्रश्न असतो. तेथे प्रतिकारशक्ती निर्णायक ठरते हे मान्य, पण ती प्रतिकारशक्ती गोठ्यातच घडते आणि गोठ्यातच बिघडते.

आपल्या जिल्ह्याचेच पाहा. म्हशी विण्याचा मोठा हंगाम पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळ्यापर्यंत असतो, म्हणजे इगतपुरी-घोटीकडे जमीन अद्याप चिखलाने भरलेली असताना अनेक म्हशी वितात. ओल्या, शेणाने माखलेल्या जागेत म्हैस बसली की योनिमार्गातून जिवाणूंना सरळ वाट मिळते. निफाडसारख्या ऊसपट्ट्यात वाढे (उसाचे हिरवे शेंडे) मुबलक आणि स्वस्त मिळत असल्याने विण्याच्या तोंडावरही त्यांवरच भर असतो. वाढ्यांतील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. खनिज मिश्रण दिले नाही तर रक्तातील कॅल्शियम घटते, गर्भाशयाच्या कळा मंदावतात आणि न्यूट्रोफिल पेशींचे कामही ढिले पडते. म्हशीत गर्भाशयाला पीळ पडण्याचे प्रमाण लक्षणीय आहे. तो उशिरा लक्षात आला तर गर्भाशयाच्या भिंतीला इजा होते आणि पुढे दाह होण्याची शक्यता बरीच वाढते. यांपैकी कोणतेही कारण रक्ताच्या थेंबातील अक्षरात सापडणार नाही.

आणि जार ओढण्याचे काय? जार लोंबताना दिसला की कोणीतरी जाणकार म्हणवणारा माणूस बाही मागे सारतो, उघड्या हाताने तो ओढतो, नाही सुटला तर त्याला वीट किंवा जुनी चप्पल बांधतो. ओढल्याने जार तुटतो, त्याचे तुकडे आत राहतात, भिंत सोलली जाते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी घाण वासाचा लालसर, पातळ स्राव सुरू होऊन म्हैस ताप भरून खाणे सोडते. गर्भ शेवटच्या तीन महिन्यांत पडला असेल आणि त्यानंतर जार अडकला असेल, तर ब्रुसेलोसिसची, म्हणजे गर्भपात घडवणाऱ्या जिवाणूजन्य रोगाची, शंका घ्यावीच लागते. हा रोग माणसालाही होतो, आणि हातमोजे न घालता जार ओढणारा स्वतःच्या शरीरात महिनोन्महिने येणारा ताप ओढवून घेतो. ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना आणि पारड्यांना या रोगाची लस एकदाच टोचली जाते, आणि २०१९ पासून ती राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. पारडीच्या वयात करण्याजोगे खरोखर काही असेल, तर ते हे लसीकरण आहे.

उपचार वाया जातात हे म्हणणे तर निखालस चुकीचे आहे. साधारणपणे व्याल्यानंतर काही तासांत जार पडतो. १२ तास उलटूनही पडला नाही तर पशुवैद्यकांना कळवावे. १९६२ हा निःशुल्क क्रमांक त्यासाठीच आहे. पहिल्या २१ दिवसांत ताप, दुर्गंधी आणि दुधात घट दिसली तर तो तातडीने उपचार करण्याचा आजार आहे. त्यानंतर बळसात (माजाच्या चिकट स्रावात) पूच्या रेषा दिसल्या, तर तो सौम्य भासणारा पण माज वाया घालवणारा दाह आहे. वेळेवर उपचार मिळालेल्या म्हशी बऱ्या होतात, पुन्हा गाभण राहतात आणि पुढची वेतेही नीट देतात. अशी म्हैस ‘रक्तातच दोष’ म्हणून बाजारात उभी करणे म्हणजे स्वतःचे दूध घालवणे, आणि आजार लपवून विकली तर घेणाऱ्याची फसवणूक करणे.

महिष चिपविषयी थोडक्यात सांगता येईल. गायींसाठी गौ चिप आणि म्हशींसाठी महिष चिप ही साधने केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने पैदाशीच्या निवडीसाठी विकसित केली, आणि या एकीकृत जीनोमिक चिपचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्याच राज्यात, वाशीम येथे झाले. हजारो जागांवरची अक्षरे एकदम वाचून, प्रत्यक्ष नोंदींशी ताडून, चांगल्या वंशाचे रेडे लहान वयातच निवडता यावेत हा तिचा उद्देश आहे. एका म्हशीचा जार अडकेल का, हे सांगणारी ती रोगचाचणी नाही. प्रतिकारशक्तीच्या जनुकांवरील संशोधनाचा खरा उपयोगही याच वाटेने होऊ शकतो: रेड्याच्या शेकडो मुलींच्या वेतांची नोंद उपलब्ध असेल, तर दुधाबरोबर गर्भाशयाच्या आरोग्यालाही निवडीत थोडे वजन देता येईल. त्याचे फळ काही पिढ्यांनंतर कळपाच्या सरासरीत दिसेल.

त्या नोंदीच आपल्याकडे तुटपुंज्या आहेत. व्यालेल्या प्रत्येक म्हशीच्या नावापुढे विण्याची तारीख आणि वेळ, जार किती तासांनी पडला, मदत लागली का, तिसऱ्या आठवड्यानंतरचा स्राव कसा होता, पहिला माज कधी दिसला आणि कोणत्या रेड्याची रेतमात्रा वापरली, एवढे एका वहीत लिहिले तरी संशोधकाला आणि गोठेवाल्याला दोघांनाही त्याचा उपयोग आहे. आणि पारडीच्या रक्ताची चाचणी विकायला कोणी दारात आलाच, तर त्याला विचारावे: ही चाचणी कोणत्या जातीच्या किती म्हशींवर तपासली, नमुने विण्याआधी घेतले होते की आजार झाल्यावर, ज्या म्हशींना चाचणीने सदोष ठरवले त्यांपैकी किती प्रत्यक्षात आजारी पडल्या, आणि हे दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे पडताळून पाहिले आहे का. या चारही प्रश्नांची लेखी उत्तरे हाती येईपर्यंत चाचणीचे पैसे खनिज मिश्रणावर आणि विण्याच्या जागेवर कोरडे पाचट अंथरण्यावर खर्च करावेत.