वाटेचा हक्क

शिडाची होडी शिकायला निघालेल्या मध्यमवयीन माणसाला घरचे एकच विचारतात, "पोहता येतं ना?" वर्गात मात्र पाण्याआधी वाहतुकीचे नियम येतात. १९७२ सालचे, आंतरराष्ट्रीय, आणि आपल्या हाडीमाशी खिळलेल्या सवयींच्या बरोबर उलटे. अरुंद जलमार्गात उजव्या कडेने जायचं. दोन इंजिनाच्या बोटी समोरासमोर आल्या, तर दोघींनीही उजवीकडे वळायचं. पुण्यात दुचाकी चालवलेल्या माणसाचा हात आधी डावीकडे जातो, मग मोकळी जागा दिसेल तिकडे.

भोंग्यालाही व्याकरण. एक छोटा भोंगा म्हणजे मी उजवीकडे वळतोय. दोन म्हणजे डावीकडे. तीन म्हणजे इंजिन उलटं फिरवतोय. आणि पाच किंवा जास्त म्हणजे, तुमचा विचार काय आहे ते मला कळेना! आपल्याकडे सिग्नल हिरवा व्हायच्या आत मागून जे वाजतं, ते मोजलं तर पाचाच्या वरच भरेल. हा एक नियम आपण न शिकता पाळतो.

मनापासून आवडला तो दुसराच : इंजिनवाल्याने शिडवाल्याला वाट द्यावी. गरिबाला कायद्याचा आधार! पण आमचे सर नौदलातून निवृत्त झालेले, ते अर्ध्यावर थांबेनात. मासेमारी चालू असलेल्या बोटीला शिडवाल्यानेही वाट द्यायची. अरुंद जलमार्गात मोठ्या जहाजाला शिडाच्या होडीने अडथळा करायचाच नाही. न्हावा-शेव्याकडे निघालेलं कंटेनर जहाज लांबून बघितलं, आणि हे कलम पटकन पाठ झालं.

वाऱ्याची इयत्ता बोफर्टच्या मापाने शून्य ते बारा. बारा म्हणजे चक्रीवादळ. त्यावर आम्ही पानभर टिपणं काढली. प्रत्यक्षात वाट्याला आला शून्य. सकाळी जमिनीवरून मतलई वारा येतो, दुपारनंतर समुद्राकडून खारा. मधल्या वेळात दोघेही रजेवर, आणि आमच्या बॅचची वेळ नेमकी तीच. गेटवेसमोर शीड वाळत घातलेल्या साडीसारखं लोंबत होतं. घारापुरीच्या लाँचमधून लोक फोटो काढत होते. एकाने ओरडून विचारलं, "बंद पडली का?"

"वारा नाहीये!"

"मग धक्का मारू का?"

वारा नसला तरी ओहोटी कामावर हजर होती. मोबाइलच्या नकाशावरचा निळा ठिपका कुलाब्याच्या टोकापलीकडच्या प्राँग्ज दीपगृहाच्या दिशेने शांतपणे सरकत होता. ओहोटीच्या सहा तासांपैकी तिसऱ्या-चौथ्या तासात पाणी सर्वांत जोरात ओसरतं, हे सर समजावून सांगत होते. तो तिसरा तास होता.

तेवढ्यात रेवदंड्याहून सासऱ्यांचा फोन.

"जावईबापू, तिथी कोणती आज?"

"काय की."

"त्रयोदशी. तिथीची पाऊणपट करा. तेरा त्रिक एकोणचाळीस, भागिले चार, पावणेदहा. पावणेदहाला भरती भरली, आता चारपर्यंत पाणी बाहेरच जाणार. पौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे ओढही चांगली असणार. अशा वेळी होडी काढली कोणी?"

फोन स्पीकरवर होता. सरांनी मान वर केली नाही. भरती-ओहोटीचं छापील कोष्टक घडी घालून खिशात ठेवलं, नांगर टाकायला सांगितला आणि हळूच म्हणाले, "पुढच्या रविवारी कोणती तिथी आहे, विचारा जरा त्यांना."