‘जनताच चूक सुधारते’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

स्वित्झर्लंडमधल्या सार्वमतांवरच्या लेखात मी म्हटलं होतं, की एखाद्याचे हक्क मतदानाने ठरवू नयेत, तिथे न्यायालय लागतं. त्याखाली तुम्ही लिहिलंत : ‘घरात बसून स्विस लोकांना लोकशाही शिकवू नका. जनतेचा कौल चुकला तर जनताच तो सुधारते. न्यायाधीशांना कोणी निवडून दिलंय?’ शिवाय सह्यांचा आकडा चुकल्याचंही दाखवलंत.

आकड्याची चूक कबूल. 100 दिवसांत 50,000 सह्या लागतात त्या संसदेने केलेला कायदा मतदानाला लावण्यासाठी. घटनादुरुस्ती सुचवायची तर 18 महिन्यांत 1,00,000. माझी गल्लत झाली, लेखात दुरुस्त केली आहे. आभार.

पण ‘घरात बसून’ म्हणजे काय? बारा वर्षं हा विषय शिकवतोय, निकालपत्रं वाचून लिहितोय. मुद्दा खोडायचा तर खोडा, लिहिणारा कुठे बसलाय याची चौकशी कशाला? अशा सुरात बोललं की चर्चा संपते आणि नुसती उणीदुणी उरतात.

आता तुमचं ते एक वाक्य. जनताच चूक सुधारते म्हणता ना? 1959 मध्ये स्विस पुरुषांनी स्त्रियांचा मताधिकार सुमारे 67 टक्के मतांनी फेटाळला आणि 1971 मध्ये जवळपास 66 टक्क्यांनी मान्य केला. हे उदाहरण तुमच्या बाजूचं आहे, घ्या. पण मतदार दोन्ही वेळा फक्त पुरुष होते. जिचा हक्क पणाला लागलाय तिने बारा वर्षं नुसती वाट बघायची, याला सुधारणा म्हणायचं?

आणि आपेन्झेल इनररोडन या कँटनचं (स्विस घटक राज्याचं) काय? तिथे एप्रिलमध्ये चौकात जाहीर सभा भरते आणि हात वर करून मतदान होतं. पुरुषाच्या कमरेची तलवारही त्याच्या मताधिकाराचा पुरावा म्हणून चालते. या सभेने कँटनच्या कारभारात स्त्रियांना मत द्यायला 1973, 1982 आणि 1990 असा तीनदा नकार दिला. नोव्हेंबर 1990 मध्ये संघीय न्यायालयाने तो हक्क द्यायला लावला. चूक सुधारली ती सभेने नव्हे. हो, न्यायालयाने आधार घेतलेलं समतेचं कलम 1981 च्या सार्वमतातूनच आलं होतं, तेही लपवत नाही. नियम जनतेने जरूर लिहावा. तो अमक्या माणसाला लागू करायचा की नाही, हे मात्र हात मोजून ठरवू नये.

कारण मतपेटी कारण देत नाही. एमेन गावात मार्च 2000 मध्ये 56 जणांच्या नागरिकत्वाच्या 23 अर्जांवर मतदान झालं. अर्जदारांची माहिती छापून मतदारांना दिली होती. इटालियन वंशाचे आठ जण पास झाले, बाकी सगळे नापास. त्यांतले बहुतेक पूर्वीच्या युगोस्लाव्हियातले. नकार का मिळाला, हे त्यांना सांगणार कोण? कारणच नाही तर अपील कशाविरुद्ध करायचं? 2003 मध्ये संघीय न्यायालयाने नेमकं यावरच बोट ठेवलं : नागरिकत्व नाकारताना कारणं द्यावीच लागतात, गुप्त मतदानात ती देता येत नाहीत, म्हणून ही पद्धत घटनाबाह्य.

2009 च्या सार्वमतातली मिनारबंदी (मशिदींना नवे मिनार बांधायला मनाई) तर थेट घटनेतच गेली, 57.5 टक्के मतांनी. तेव्हा देशात मिनार होते चार. तिला मतदानाआधी रोखायला चाळणी काय, तर संसद तीन गोष्टी तपासते : प्रस्तावाचं रूप एकसारखं आहे का (तयार मसुदा आणि नुसती सूचना यांची सरमिसळ नाही ना), विषय एकच आहे का, आणि आंतरराष्ट्रीय कायद्याचे सक्तीचे, म्हणजे कोणत्याही देशाला मोडता न येणारे, नियम मोडतात का. धर्मस्वातंत्र्यावरचं असं बंधन या चाळणीत अडकत नाही. तेही सह्या गोळा झाल्यावर तपासायचं! पुढे 2011 मध्ये स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही तक्रारी दाखल करून घेतल्या नाहीत. तक्रारदार स्वतः मिनार बांधायला निघालेले नव्हते. आता सांगा, ही चूक कोणी आणि कधी सुधारली?

न्यायाधीशांबद्दल इतकंच, की संघीय न्यायालयाचे न्यायाधीश संसद सहा वर्षांसाठी निवडते. हे मूळ लेखात होतं, वाचलं असतंत तर विचारलं नसतंत.

एमेनच्या त्या अर्जदारांबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत एक ओळही नाही. त्यावर काही म्हणायचं असेल तर जरूर लिहा.