कार्बाइडच्या नावाखाली काहीही खपवतात

ग्राइंडरला लावून धातू घासायचा दातेरी बर घेतला. पाकिटावर ठळक छापलंय, ‘टंगस्टन कार्बाइड, सर्व धातूंसाठी’. यामाहा आरएक्स १०० या टू-स्ट्रोक मोटरसायकलच्या ब्लॉकचा (सिलिंडरचा) एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे जळालेला वायू बाहेर जायची खिडकी, घासायला घेतला, लायनरच्या (सिलिंडरमधल्या नळीच्या) बिडाला बर टेकवला आणि मिनिटभरात त्याचे दात गेले. नुसते बोथट झाले नाहीत, निळे पडले! अरे, असा निळा पडतो तो कार्बाइड कसला? साधं पोलाद आहे ते. खऱ्या कार्बाइडचं डोकं पोलादी दांडीवर ब्रेझिंग करून (मध्ये दुसरा धातू वितळवून) बसवलेलं असतं, जोडाची रेघ डोळ्यांना दिसते, वजनही पोलादाच्या जवळपास दुप्पट लागतं. याचं डोकं आणि दांडी एकाच सळईतून कापलेली. परत घेऊन गेलो तर दुकानदार म्हणतो, ‘साहेब, जोर जास्त दिला असणार तुम्ही. आणि पाकीट फोडलेलं आम्ही घेत नाही.’ पाकीट न फोडता दात कुठून बघायचे होते? आणि विकत घेण्याआधी हा फोडू देतो का?

बरं, दांडीची जाडी तरी खरी सांगा. २.३५, ३, ३.२, ६ मिलिमीटर, सगळं एकाच खणात आणि विचारलं की ‘बसतं हो सगळ्याला’. नाही बसत! ३ ची दांडी ३.२ च्या कोलेटमध्ये (ग्राइंडरच्या पकडीत) आवळली की डोकं डगमगतं, आणि २५ हजार आरपीएमला ते पोर्टच्या कडेवर हातोड्यासारखं आपटतं. कड एकदा उडाली की उडाली.

‘सर्व धातूंसाठी’ म्हणजे तर थापच. बिडाला चालणारा बारीक डबल कट (आडव्या-उभ्या दातांचा बर) ॲल्युमिनियममध्ये घातला की दातांत कीस चिकटून डोकं गुळगुळीत होतं. तिथे मोठ्या, मोकळ्या दातांचाच बर लागतो आणि सोबत रॉकेल. तो मागितला की समोरचा माणूस असा बघतो, जणू मी त्याची किडनी मागितली.

ताजं मिश्रण आत येतं त्या ट्रान्सफर पोर्टचं तर विचारूच नका. ५० मिलिमीटरच्या बोअरमध्ये (सिलिंडरच्या भोकात) बर फिरवणारा सरळ डाय ग्राइंडर आडवा होणार कसा? काटकोनी हँडपीस पाहिजे, तो सोनारांच्या लटकत्या मोटरवर चालतो. हार्डवेअरवाल्यांना ही वस्तू ठाऊकच नाही.

आणि या सगळ्याशी काही देणंघेणं नसलेले ते ‘पोर्टिंग करून देतो’वाले, म्हणजे जास्त ताकदीसाठी पोर्ट घासून मोठे करणारे! गोल कानस, अंदाज आणि आरशासारखं पॉलिश. क्रँक किती अंश फिरला ते मोजायचं डिग्री व्हील कधी हातात धरलेलं नाही. एक्झॉस्ट १ मिलिमीटर वर नेला की उघडा राहण्याचा काळ साडेचार-पाच अंशांनी वाढतो, हे तीन-तीन मिलिमीटर उडवतात. रुंदी ३५ मिलिमीटरच्या पुढे, कडांना चॅम्फर (उतार) नाही, मग पिस्टनची रिंग खिडकीत अडकून तुटते आणि पिस्टनसकट बोअर खाते. या गाडीचं उत्पादन १९९६ ला थांबलं, ओरिजिनल ब्लॉक आता झाडाला लागत नाहीत. मागच्या महिन्यात असाच एक फाडलेला ब्लॉक पाहिला, डोक्यात तिडीक गेली. फाडणाऱ्यानं मालकाला सांगितलंय, ‘नवी स्लीव्ह (लायनर) टाकून देतो.’ तिच्या खिडक्या कोण कापणार? तोच माणूस, त्याच कानशीनं.