आरची शंभर वर्षं आणि वाशिष्ठीची लाल रेषा

चिपळूणमध्ये पूररेषेचा विषय निघाला की बाजारपेठेतली माणसं अजूनही तापतात. त्यांचा राग मला कळतो, कारण त्यातली बरीचशी माझ्या नात्यातली आहेत. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी शहरात शिरलं, दुकानांच्या माळ्यापर्यंत चढलं. ते ओसरल्यावर जलसंपदा खात्याच्या नकाशावरच्या दोन रेषा सगळ्यांच्या तोंडी आल्या. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत नवं बांधकाम नाही, निळी आणि लाल यांच्यामध्ये अटी घालून. शहराचा मोठा भाग या रेषांच्या आत आला आणि लोकांना वाटलं, पुराने घेतलं ते घेतलं, उरलेलं आता सरकार घेणार. मागणी पुढे आली ती अशी: रेषा रद्द करा, आधी नदीतला गाळ काढा. त्यासाठी साखळी उपोषणं झाली, मग गाळ काढायला यंत्रंही उतरली.

मी जर्मनीत बॉनला राहतो. गावी फोन केला की मामी हमखास म्हणते, "तुमच्याकडे बरं रे, सगळं शिस्तीत. नदीसुद्धा सांगून येत असेल." मामीला सांगावंसं वाटतं ते इथे सविस्तर लिहितो. चिपळूण बुडालं त्याच्या जेमतेम आठ दिवस आधी, १४ जुलैच्या रात्री, बॉनच्या दक्षिणेला असलेल्या आर नावाच्या छोट्या नदीने १३० हून अधिक माणसांचा जीव घेतला. त्या नदीने सांगितलं होतं. एकदा नाही, दोनदा. ऐकलेलं विसरलं गेलं, तेही अगदी शिस्तीत, नकाशे आणि तक्ते वापरून.

आर आहे ८५ किलोमीटरची, म्हणजे वाशिष्ठीपेक्षा थोडी लांब. ती उगम पावते आयफेल डोंगराळ भागातल्या ब्लांकेनहाइम गावात, एका घराच्या तळघरात. १७२६ साली झऱ्यावर लाकडी चौकटीचं घर बांधलं गेलं आणि झरा घराखाली गेला. आजही तिथे जाऊन जाळीतून डोकावलं की दगडी तळघरात स्वच्छ, संथ पाणी दिसतं, आणि ते भिंतीखालून बाहेर पडून गावातल्या दगडी पाटातून वाहू लागतं. आपल्याकडे अशा जागी कुंड असतं, गोमुख असतं, शेजारी महादेव असतो. इथे देऊळ नाही, पण गावकरी झऱ्याशी तितक्याच आपुलकीने वागतात.

पुढचे काही तास चालत गेलं तरी नदी ओलांडायला पूल लागत नाही, उडी पुरते. दोन्हीकडे गवताळ कुरणं, गाई, उतारावर झाडी. मग एकेक वहाळ येऊन मिळतो: म्यूशला ट्रीअरबाख, शुल्डला आर्मुथ्सबाख, ड्युम्पेलफेल्डला आडेनाउअर बाख, क्रॉइझबेर्गला झारबाख. शुल्ड गावाला नदी जवळजवळ पूर्ण वळसा घालते, गाव त्या वळशाच्या कुशीत बसलेलं. आल्टेनआरपाशी काळसर स्लेटचे कडे इतके जवळ येतात की नदी, रस्ता आणि रेल्वे यांना एकमेकांच्या अंगावरून जावं लागतं. नदीचा मोठा वळसा टाळायला तिथे १८३४ साली खडक फोडून रस्त्याचा बोगदा काढला. तो प्रशियातला सर्वांत जुना रस्त्याचा बोगदा मानतात.

आल्टेनआरच्या खाली खोऱ्याचं रूपच बदलतं. दक्षिणेकडे तोंड करून उभ्या असलेल्या तीव्र उतारांवर गडग्यांचे टप्पे, त्यावर द्राक्षवेली. स्लेट दिवसभर तापते आणि रात्री ऊब देते, म्हणून इतक्या उत्तरेला लाल द्राक्षं पिकतात. मायशोस गावात १८६८ साली द्राक्ष बागायतदारांनी सहकारी संस्था काढली. ती अजून चालू आहे आणि या प्रकारातली जगातली सर्वांत जुनी म्हणून ओळखली जाते. सांगली-नाशिककडच्या बागायतदारांनी एकदा तरी पाहावी अशी ही जागा आहे. त्याखाली आरवायलर, त्याला मध्ययुगीन तटबंदी. मग बाड नॉयनआर, गरम पाण्याच्या झऱ्यांचं, आजारातून उठलेल्या म्हाताऱ्यांचं गाव. शेवटी झिंझिगपाशी ती ऱ्हाइनला मिळते. ऱ्हाइनला मिळणाऱ्या बहुतेक नद्यांची मुखं माणसाने बांधून काढली आहेत. आरचं मुख मोकळं ठेवलंय. तिथे ती पाणी चढून उतरलं की वाळूचे पट्टे हवे तसे सरकवते.

मला ही नदी आवडते. उन्हाळ्यात पोरं तिच्यात गुडघ्याएवढ्या पाण्यात बसलेली असतात. एरवी आल्टेनआरला पाण्याची पातळी मीटरभरसुद्धा नसते. म्हणूनच पुढचं सांगताना अवघड जातं.

१४ जुलैला आयफेलवर दिवसभरात १०० ते १५० मिलिमीटर पाऊस झाला. कोकणातल्या वाचकाला हा आकडा फार वाटणार नाही, जुलैत आपल्याकडे एवढा पाऊस पडतो आणि बाजार उघडा असतो. पण आयफेलची जमीन आधीच भिजून तुडुंब होती, उतार तीव्र, खोरं अरुंद. आल्टेनआरच्या मापन केंद्रावर तोवरची सर्वाधिक नोंद होती ३.७१ मीटर, जून २०१६ ची. त्या संध्याकाळी ५.७५ मीटरची नोंद देऊन यंत्रच वाहून गेलं. नंतर खुणांवरून हिशेब मांडला तेव्हा पाणी दहा मीटरच्या आसपास गेल्याचं दिसलं. झाडं, मोटारी, कॅम्पिंगच्या गाड्या पुलांच्या कमानीत अडकल्या, प्रत्येक पूल घटकाभर धरण झाला आणि मग फुटला. खोऱ्यातले साठाहून अधिक पूल मोडले किंवा निकामी झाले.

सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट वेळेची आहे. वरच्या शुल्डमध्ये घरं कोसळत होती ती संध्याकाळी. खालच्या झिंझिगला लाट पोचली मध्यरात्र उलटल्यावर. मधे कित्येक तास होते. जिल्ह्याने आपत्तीची सर्वांत वरची पातळी जाहीर केली रात्री अकरा वाजून गेल्यावर. झिंझिगमध्ये दिव्यांगांच्या निवासगृहात तळमजल्यावर झोपलेली १२ माणसं बुडाली. शीतयुद्ध संपल्यावर जर्मनीत गावोगावचे भोंगे काढून टाकले होते, मोबाइलवर सगळ्यांना एकदम इशारा देणारी व्यवस्था नव्हती. ती आली फेब्रुवारी २०२३ मध्ये. राज्याच्या गृहमंत्र्यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये राजीनामा दिला. चौकशा झाल्या, पण गेलेल्यांच्या घरच्यांचं त्याने समाधान झालेलं नाही, आणि होऊ नये असंच मला वाटतं.

आता पूररेषेकडे येतो. आरवर २०२१ च्या आधीही शंभर वर्षांच्या पुराची रेषा होती, रीतसर, कायद्याने. त्या पुराचा विसर्ग आल्टेनआरला धरला होता सेकंदाला २४१ घनमीटर. हा आकडा आला १९४७ पासूनच्या मोजणीतून, कारण यंत्राच्या सलग नोंदी तेव्हापासूनच्या. पण २१ जुलै १८०४ ला याच नदीने ६३ माणसं नेली होती, घरं-पूल-गिरण्या नेल्या होत्या. १३ जून १९१० ला पुन्हा ५० हून अधिक माणसं गेली. त्यातले बरेचसे रेल्वेमार्ग बांधायला आलेले मजूर होते, त्यांच्या बराकी नदीकाठी होत्या. हे कुठल्या गुप्त दफ्तरात नव्हतं. पाण्याच्या खुणा भिंतींवर होत्या, चर्चच्या नोंदींत होत्या, इतिहासाचे अभ्यासक त्यावर लिहीत होते. १८०४ चा पूर जवळपास २०२१ च्या तोलाचा होता असं आता हिशेब सांगतो. तरी ते दोन्ही पूर नकाशाच्या गणितात धरले नाहीत, कारण यंत्राने मोजलेले नव्हते. २४१ चा आकडा सरकारी झाला, लोक त्यावर विसंबले, आणि जिथे रेषा संपत होती तिथे तळमजल्यावर निर्धास्त झोपले. पुरानंतर नवी गणना केली, तीत जुने पूर घेतले, तर २४१ चे झाले ४३४.

चिपळूणच्या वादात मला नेमकी हीच बाजू ऐकू येत नाही. आपल्याकडे भांडण चाललंय ते रेषा असावी की नसावी यावर. रेषा कशावरून काढली, किती वर्षांच्या नोंदी धरल्या, २६ जुलै २००५ चं पाणी कुठल्या पायरीला होतं, २०२१ चं किती वर चढलं, कोळकेवाडी धरणातून येणारं कोयनेचं अवजल, म्हणजे वीज करून झाल्यावर सोडलेलं पाणी, किती धरलं, खाडीला उधाणाची भरती असताना पाण्याला वाट कुठे राहते, हे प्रश्न मागे पडतात. रेषा नको म्हणणाऱ्यांनी हे प्रश्न विचारले तर खात्याला उत्तरं द्यावी लागतील. नुसतं "रद्द करा" म्हटलं की खात्याचीही सुटका होते.

गाळाचं म्हणाल तर तो काढायला माझा विरोध नाही. सह्याद्रीच्या उतारावरची झाडी तुटली, माती खाली आली, पात्र उथळ झालं, हे डोळ्यांना दिसतं. पण गाळ काढला की काम झालं, असं जे बोललं जातं ते मला घातक वाटतं. २०२१ नंतरच्या पहिल्या महिन्यांत आरमध्येही यंत्रं उतरली, पात्र खरवडून सरळ केलं गेलं. लवकरच अभ्यासक आणि गावकरी दोघंही म्हणू लागले की सरळ केलेल्या पात्रातून पाणी आणखी वेगाने खालच्या गावावर जातं. आता काही ठिकाणी काठ मागे सरकवून नदीला पसरायला जागा देणं चालू आहे. रेख गावात १८ व्या शतकातला दगडी पूल होता, १९१० च्या पुराला पुरून उरलेला. २०२१ मध्ये तो अर्धा गेला. उरलेला अर्धा पाण्याला अडवतो म्हणून गावाने तोही उतरवायचं ठरवलं. अनेकांना ते फार लागलं. मी तो पूल पाहिलेला आहे, त्याच्या कठड्याला टेकून उभा राहिलेलो आहे. तरी गावाचा निर्णय मला बरोबर वाटतो.

पण इथलं सगळंच उचलून घ्यावं असं मी मुळीच म्हणणार नाही. केंद्राने आणि राज्यांनी मिळून ३० अब्ज युरोंचा निधी उभारला, घराच्या नुकसानीच्या ८० टक्क्यांपर्यंत भरपाई दिली. चिपळूणच्या दुकानदाराने हा आकडा ऐकून हात जोडावेत. मात्र त्या पैशाने बहुतेक घरं पुन्हा तिथेच उभी राहिली. सगळ्या खोऱ्यात पुन्हा बांधायला साफ मनाई झाली ती अवघ्या ३४ घरांना. आरकाठच्या देर्नाऊ गावातल्या एका गल्लीत भिंतीवर २०२१ च्या पाण्याची खूण आहे, माझ्या डोक्याच्या बरीच वर. तिच्याखाली नव्या कोऱ्या खिडक्या बसवल्या आहेत, कुंड्या ठेवल्या आहेत. त्या माणसांना दोष देववत नाही. पिढ्यान् पिढ्यांची द्राक्षबाग मागच्या डोंगरावर आहे, मुलं तिथल्या शाळेत जातात, सरकार पैसे देतंय ते याच जागेवर बांधायला. चिखलाने माखलेल्या दारूच्या बाटल्या तशाच विकून या लोकांनी चाळीस लाख युरोंहून अधिक मदत गोळा केली. असं गाव जागा सोडत नाही. श्रीमंत देशालाही नदीकाठ सोडा हे सांगणं जमलेलं नाही, म्हणून गरीब व्यापाऱ्याला ते फुकटात सांगणाऱ्या सरकारवर माझा राग आहे.

आणखी एक. १९१० च्या पुरानंतर वरच्या वहाळांवर पूरपाणी अडवणारे बंधारे बांधायचे बेत झाले होते. ते झाले नाहीत. त्याच डोंगरात १९२७ साली न्यूरबुर्गरिंगचा मोटारशर्यतींचा मार्ग मात्र सुरू झाला. आता, शंभर वर्षांनी, त्याच वहाळांवर बंधाऱ्यांचे आराखडे पुन्हा होताहेत आणि ते पुरे व्हायला अनेक वर्षं लागणार आहेत.

म्हणून चिपळूणच्या माणसांनी लाल रेषेला शत्रू मानू नये, असं मला कळकळीने वाटतं. ती ताब्यात घ्यावी. फेरसर्वेक्षण मागावं, आणि त्यात यंत्राच्या आकड्यांबरोबर शहराची आठवणही धरावी असा हट्ट करावा. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासून गावात आहे, त्याने २००५ आणि २०२१ ही दोन्ही पाणी अंगावर घेतली. अशा इमारतींच्या भिंती, मुरादपूर-पेठमापातल्या घरांच्या पायऱ्या, दुकानांचे माळे, सगळ्यावरच्या खुणा रंगाच्या हाताखाली जायच्या आत मोजून घ्याव्यात. म्हाताऱ्यांना विचारून त्याआधीची पाणीही लिहून घ्यावीत. निळ्या रेषेच्या आत ज्यांचं घर किंवा गाळा आहे त्यांना दुसरीकडे जागा आणि पुरेसा मोबदला, हे रेषेच्याच अधिसूचनेत लिहून मागावं. कोळकेवाडीतून पाणी सुटण्याआधी शहरात भोंगा वाजलाच पाहिजे, रात्री दोन वाजतासुद्धा, आणि तो कोणाच्या सहीने वाजणार ते आधी ठरलेलं असलं पाहिजे. गाळासाठी दिवसेंदिवस मांडवात बसलेली माणसं यासाठीही बसू शकतात. मामाला मी हे फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "लिहून पाठव, समितीच्या बैठकीत वाचतो."