गुगलवर पहिल्या नंबरला यायचंय? आधी लाइक मोजा, चादरी नंतर

मालक, तुमचं चादरीचं दुकान असेल, टॉवेलचं असेल, युनिफॉर्मचा कारखाना असेल, नाहीतर घरच्या घरी शेंगा चटणी कुटून विकत असाल, काय असेल ते असू द्या, पण तुम्ही गुगलवर तिसऱ्या पानावर आणि तुमच्या समोरचा पहिल्या पानावर, हे काय बरोबर दिसत नाही. तिसऱ्या पानापर्यंत जातंय कोण? यावर उपाय एकच आणि तो चाटी गल्लीपासून जुळे सोलापूरपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. लाइक वाढवा. फेसबुकवर लाइक, इन्स्टावर फॉलोअर, आणि एखाद्या साहेबांनी पोस्ट शेअर केली तर मग बघायलाच नको, गुगलवाले कॅलिफोर्नियातून उठून तुमची खुर्ची पुढं सरकवतात म्हणे.

सुरुवात घरातनं करा. फॅमिली ग्रुपवर लिंक टाका आणि खाली लिहा, 'सर्वांनी लाइक करून पुढे पाठवा'. पुण्याची आत्या लिंक उघडणार नाही पण अंगठा टाकणार, मेहुणे हात जोडणार, कोणीतरी त्यातच गुड मॉर्निंग टाकणार, झालं तुमचं एसइओ, म्हणजे गुगलवर वर यायची खटपट. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपात गुगलचा बॉट, म्हणजे वेबसाइटी वाचत फिरणारा प्रोग्रॅम, शिरू शकत नाही, आत कोणी कुणाला अंगठा दिला हे त्याला दिसतच नाही, असलं काही पोरगं सांगायला लागलं तर त्याला ग्रुपमधनं काढा. कॉलेजला गेलं की असंच होतं.

मग साहेब. साहेब पाहिजेतच. दुकानात बोलवा, शाल-श्रीफळ द्या (शाल कशाला, चादरच घाला की अंगावर), फोटो काढा, आणि त्यांच्या पेजवरनं तुमची वेबसाइट शेअर करून घ्या. एवढे फॉलोअर म्हणजे एवढी मतं, आणि ज्याला मतं जास्त तो निवडून येणार, एवढं साधं लोकशाहीचं गणित गुगलला कळत नसेल का? आता यात एक बारीक भानगड आहे. गुगलचं मूळ गणित, १९९८ सालचं पेजरँक, खरंच मतांवरच उभं होतं, पण ती मतं म्हणजे एका वेबसाइटनं दुसरीला दिलेली लिंक, लाइक नव्हे. आणि सोशल मीडियावरच्या लिंकला बहुतेक करून 'नोफॉलो' लावलेलं असतं, म्हणजे ही लिंक मत म्हणून धरू नका. हे २००५ पासून चालू आहे, तेव्हा कमेंटमध्ये कचरा लिंका टाकणारे लई माजले होते म्हणून काढलेला उपाय. २०१९ मध्ये गुगल म्हणालं की आम्ही याला हुकूम न मानता इशारा मानू. तेवढ्या इशाऱ्यावर साहेबांचा सत्कार चुकवू नका मात्र. इन्स्टाच्या कॅप्शनमध्ये तर लिंक टाकली तरी ती दाबताच येत नाही, नुसती अक्षरं दिसतात, पण दिसायला भारी दिसतात.

एवढं करून जमेना तर एजन्सीवाला गाठा. तो लॅपटॉप उघडून तुम्हाला २०१० ची बातमी दाखवेल. खोटी नाही, खरी आहे. २०१० च्या डिसेंबरात गुगलचे मॅट कट्स खरंच म्हणाले होते की आम्ही ट्विटर-फेसबुकवरचं थोडंफार बघतो. बघा मालक, गुगलचा माणूस स्वतः बोलतोय! इथं तुम्ही लगेच अ‍ॅडव्हान्स द्यायचा. चुकूनसुद्धा पुढचं विचारायचं नाही, कारण पुढचं विचारलं तर २०१४ चा जानेवारी येतो, आणि त्यात तेच मॅट कट्स सांगतात की फेसबुक-ट्विटरची पानं आम्हाला इतर पानांसारखीच, कुणाला किती लाइक आणि किती फॉलोअर असल्या गोष्टी रँकिंगमध्ये धरत नाही. वर कारणंही देतात. ती साइट आमची नाही, उद्या दार लावलं तर आम्ही काय करणार, एकदा महिना-दीड महिना आम्हाला आत येऊ दिलं नव्हतं, आणि तिथली माहिती सारखी बदलते, आम्ही एकदा बघून जातो आणि मागं सगळं पालटलेलं असतं. एजन्सीवाल्याच्या लॅपटॉपवर मात्र कॅलेंडर २०१० ला थांबलंय, ते थांबलेलंच राहू द्या, त्यावर त्याचा इएमआय चालतोय.

बिंगचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सर्च इंजिनचं, वेगळं आहे, ते सोशलकडं थोडं बघतं म्हणतात. तेव्हा तुमचं सगळं गिऱ्हाईक बिंगवर चादर शोधत असेल तर बिनधास्त लाइक विकत घ्या.

आणि गुगलला स्वतःचं लाइकचं दुकान काढायची हौस नव्हती असं नाही. २०११ मध्ये गुगल प्लस काढलं, प्लस-वनचं बटण काढलं, तेव्हा पण अशाच एजन्सीवाल्यांनी सांगितलं की आता प्लस-वन नसेल तर धंदा बसला. २०१९ च्या एप्रिलमध्ये धंदा बसला, गुगल प्लसचाच. तुमचे तिथले प्लस-वन कुठं गेले ते विचारू नका, हिशोबाला मिळणार नाहीत.

पण पुरावा आहे की मालक! एजन्सीवाल्याकडं चार्ट असतो, रंगीत. ज्यांच्या पोस्टला लाइक जास्त, त्यांच्या साइट गुगलवर वर. हे खरंच दिसतं आणि बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, त्यामुळं शंका घ्यायचं काम नाही. गड्ड्याच्या जत्रेला दर जानेवारीत होम मैदानावर गर्दी होते आणि दर जानेवारीत सोलापुरात थंडी पडते, म्हणजे गर्दीमुळंच थंडी पडते हे उघड आहे. तेव्हा यंदा मे महिन्यात ऊन बेचाळीस-त्रेचाळीसला गेलं की होम मैदानावर दोन पाळणे लावा आणि माणसं गोळा करा, आपोआप स्वेटर निघतील. चांगली वस्तू असली की लोक लाइकही करतात आणि कुणी तिच्याबद्दल लिहून लिंकही देतं, दोन्ही एकाच कारणानं होतं, असला रटाळ विचार करणाऱ्याला चार्ट काढता येत नाही.

लाइक कमी पडले तर विकत मिळतात. हे सगळ्यात सोपं. रात्री पैसे पाठवा, सकाळी तुमच्या पेजवर परदेशातली हजारभर माणसं, नावं वाचता येत नाहीत, फोटोत सगळे देखणे, कुणाच्याच प्रोफाइलवर दुसरी पोस्ट नाही. यातला एकजण जरी उद्या सोलापुरात सात रस्ता चौकात उतरून रिक्षावाल्याला 'चादर कुठं मिळते' म्हणाला तर तुम्ही म्हणाल ते हरतो. रील स्टारला पैसे देऊन बोलवलंत तर तेही चांगलंच, फक्त तिनं 'पेड' असं लिहायचा आग्रह धरला तर वाद घाला. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्यानं नियम काढलेत की पैसे घेऊन केलेली शिफारस तशी सांगायला पाहिजे, आणि फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड, परत केली तर ५० लाख. तेवढा दंड भरायला चादरी विकायच्या म्हणजे किती लाइक लागतील, हिशोब करून ठेवा.

आता वेबसाइट. तिला हात लावू नका. पहिल्याच पानावर मोठ्ठा सिद्धेश्वर मंदिराचा फोटो, त्यावर फिरणारं 'सुस्वागतम्', खाली एक कॅटलॉग, तो पण पीडीएफ, फोनवर उघडेपर्यंत माणूस चहा पिऊन येतो. चादरीचं माप लिहिलेलं नाही, वजन नाही, सुती आहे की मिक्स ते नाही, भावाच्या जागी 'फोन करा'. फोन नंबर आहे, पण फोटोच्या आत डिझाइनमध्ये, आणि शेवटचा आकडा फुलाच्या पाकळीखाली गेलाय. जॅकार्ड मागावर विणलेली आपली चादर दोन्ही बाजूंनी वापरता येते, हे नांदेडच्या गिऱ्हाइकाला माहिती नसतं, तो शोधतोच असं की 'सोलापुरी चादर ओरिजिनल कशी ओळखायची', आणि त्याला उत्तर देणारं एकही पान तुमच्या साइटवर नाही. नसू द्या. ते पान लिहायला अर्धी दुपार जाते, तेवढ्यात तीन रील होतात. जीआय टॅग (मूळ गावाची सरकारी ओळख) मिळालेली वस्तू आहे, तिला कशाला ओळख पाहिजे.

गुगल मॅपचं तर नावच काढू नका. तिथं दुकानाची पिन शेजारच्या बोळात पडलीय, वेळ टाकलेली नाही, आणि कोणीतरी दुरुस्ती सुचवून 'कायमचे बंद' करून ठेवलंय, ते महिन्यापासून तसंच. गुगल स्वतः लिहून देतं की जवळपासची दुकानं दाखवताना आम्ही तीन गोष्टी बघतो, शोध आणि दुकान जुळतं का, अंतर किती, आणि दुकान किती नावाजलेलं, आणि या तिसऱ्यात रिव्ह्यू धरतात. इथं खऱ्या गिऱ्हाइकाचं मत खरंच मोजलं जातं, म्हणूनच इथं लक्ष द्यायचं नाही. गेल्या दिवाळीत लातूरच्या बाईनं चार ओळी चांगलं लिहिलं, फोटो टाकला, त्याला साधं 'धन्यवाद ताई' पण नाही, कारण तुम्ही तेव्हा फेसबुकवर साहेबांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देत होता. फार वाटलं तर पुतण्याला पाच अकाउंटवरनं पाच-पाच स्टार टाकायला लावा, पाचही रिव्ह्यूत 'उत्कृष्ट सेवा' हेच दोन शब्द, स्पेलिंगच्या चुकांसकट. गुगल असले खोटे रिव्ह्यू उडवतं, पण पुतण्या रिकामाच आहे.

एक धोका मात्र सांगून ठेवतो. कधी कधी रील खरंच चालते. माग चालू आहे, धोट्याचा खटखट आवाज येतोय, कारागीर तुटलेला धागा एका चिमटीत जोडतोय, असलं काहीतरी साधं शूट केलं आणि ते लोकांना आवडलं, की लोक गुगलवर जाऊन तुमच्या दुकानाचं नाव टाईप करायला लागतात, मग कोणी पत्रकार त्यावर लिहितो आणि बातमीत तुमच्या वेबसाइटची लिंक देतो, आणि ती लिंक मोजली जाते. म्हणजे सोशल मीडियाचा उपयोग झाला की हो, पण लाइकमुळं नाही, लोक शोधायला लागले आणि कुणी लिंक दिली म्हणून, असला आडमार्गानं आलेला नंबर आपल्याला नको. आपल्याला सरळ पाहिजे, अंगठा दाबला की नंबर. तेव्हा माग शूट करू नका, तुम्ही स्वतः गॉगल घालून दुकानाच्या पायरीवर स्लो मोशनमध्ये चाला.

आणि या गडबडीत काउंटरवर कोणी येऊन 'डबल बेडची दाखवा' म्हणालं तर त्याला आधी पेज लाइक करायला सांगा, केल्याशिवाय घडी उलगडायची नाही, आणि नेट चालत नाही म्हणाला तर तुमचा हॉटस्पॉट द्या, पासवर्ड मोठ्यानं सांगा, मागं उभं राहिलेलं दुसरं गिऱ्हाईक तोपर्यंत समोरच्या दुकानात गेलं तर जाऊ द्या, त्याचे फॉलोअर कमी आहेत.